अँबॅसेडर मार्क ३ : टायमिंग खुणेवर लावलं की गाडी रडते, कानावर लावलं की पळते

घाटमाथा
७ जून, रात्री १०:१४

गाडी १९७७ ची मार्क ३, १४८९ सीसी पेट्रोल, मुक्काम कोल्हापूर. घरात पहिल्यापासून आहे, तेव्हा 'विकून टाका' म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं ही विनंती.

इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून खाली घेतलं. बोअरिंग, नवे पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगं, व्हॉल्व लॅपिंग, नवी टायमिंग चेन असं पूर्ण काम झालं. क्रँकची पुढची पुली सीलपाशी खाच पडून ऑइल गाळत होती, तीही बदलली. नंतर डेल्को (प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) बसवून स्ट्रोब लाइटनं (फिरत्या पुलीवरची खूण थांबलेली दाखवणारा लुकलुकता दिवा) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावलं. माझ्याकडच्या पुस्तकात टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा) आधी ५ अंश दिलंय, तेवढंच ठेवलं. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं होतं, आयडलिंग कमीत कमी होतं. डेल्कोतले पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते) नवे, गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). प्लग २५ थाऊ. कंडेन्सर नवा.

लक्षणं: सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. तिसऱ्या गिअरला पिकअप नाही. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या चढावर टेंपरेचरचा काटा तांबड्याकडे सरकतो. रेडिएटर धुऊन आणलाय, थर्मोस्टॅट नवा. रात्री बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अंधारात तांबूस दिसतो.

मग गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी नुसत्या कानानं डेल्को फिरवून दिला. गाडी एकदम हलकी झाली, काटा जागेवर, चढावर नॉकिंगची टिकटिकही नाही. खुशीत स्ट्रोब लावला तर १८ अंश! नव्या पिस्टनच्या भीतीनं परत ५ वर आणून ठेवली आहे. आता पुस्तकाचं ऐकू की मिस्त्रींचं?


सायलेन्सरराव
७ जून, रात्री १०:३१

मिस्त्रींचं. पुस्तक लिहिणारा वाघबीळ चढलेला नाही.


टॅपेट
७ जून, रात्री ११:५२

घाटमाथा, आधी थोडा हिशोब.

ठिणगी पडली की मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योतीला प्लगपासून चेंबरभर पसरायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. आपल्याला सर्वांत जास्त दाब हवा असतो तो पिस्टन वरून खाली निघाल्यावर, टीडीसीनंतर साधारण १० ते १५ अंशांवर. म्हणून ठिणगी आधी टाकायची. किती आधी, हे वेगावर ठरतं. ७०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ४.२ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. जळायला लागणारा वेळ त्या मानानं फारसा बदलत नाही, अंश मात्र चौपटीच्या वर जातात. डेल्कोच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा ही वाढ सांभाळतात. व्हॅक्यूमचा डबा निराळं काम करतो. हलक्या पायानं, सपाट रस्त्यावर चालताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, तिथं तो आणखी थोडं पुढं ढकलतो.

तुमची सगळी लक्षणं उशिरा ठिणगी पडण्याची आहेत. पिस्टन निम्म्या वाटेवर आला तरी जाळ चालूच, एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो तेव्हा तो जाळ बाहेर. ताकद गेली आणि सगळी उष्णता पोर्टात, मॅनिफोल्डात, जॅकेटच्या पाण्यात. त्यामुळे तांबूस मॅनिफोल्डचं नवल नाही.

मला खटकतं ते वेगळंच. १८ अंश खरे असतील तर वर वजनांचे निदान २० धरा, म्हणजे ३८. भर चढावर, पूर्ण थ्रॉटलला, टिकटिक यायला हवी. तुम्ही म्हणता येत नाही. ५ खोटं आणि १८ पण खोटं, असं मला वाटतंय.


पद्मिनीवाली
८ जून, सकाळी ७:०८

टॅपेटदादा, टिकटिक न येणं हा पुरावा धरू नका. या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळात कमी, ती बनली तेव्हाचं पेट्रोलही कमी ऑक्टेनचं. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ऑक्टेन ९५ च्या घरात आहे. टायमिंग गरजेपेक्षा पुढं गेलं तरी आवाज न करता नुसती ताकद कमी होऊ शकते, आणि मालक म्हणत राहतो की नॉकिंग नाही म्हणजे सगळं छान. माझ्या पद्मिनीवर हे पाहिलंय. (इंजिन १०८९ सीसी, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, तुमचीच, १-३-४-२.)

पण निष्कर्षाशी सहमत. घाटमाथा, पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही स्वतः लिहिलंय की पुली बदलली. टीडीसीची खूण त्या पुलीवरच असते ना? नवी पुली कुठली, कुणी बनवली, चावीची खाच आणि खूण यांच्यातलं अंतर जुनीसारखंच आहे का, हे कुणी पाहिलं?


सायलेन्सरराव
८ जून, सकाळी ७:४०

इथं शांतता.


उद्यमनगरी
८ जून, सकाळी ९:२२

घाटमाथा, मी उद्यमनगरात हयात काढलेला माणूस. बोअरिंग, क्रँक, हेड, सगळं केलंय. ताईंनी नेमकं बोट ठेवलंय. अँबॅसेडरच्या पुल्या, टायमिंग कव्हरं इकडची तिकडं बसवलेल्या गाड्या मी लई बघितल्यात. एका इंजिनाचं कव्हर, दुसऱ्याची पुली. बोल्ट बसतात, सील बसतं, गाडी चालू होती. खूण मात्र कुठल्या कुठं.

एक विचारतो. हॅन्डल (पुढनं घालून हातानं इंजिन फिरवायचं) मारून बघितलं का? मिस्त्रींनी लावलेल्या टायमिंगवर खरंच १८ असतं तर हॅन्डलनं उलटा हिसका दिला असता. सेल्फ पण गरम इंजिनावर अडखळला असता. उलटं मारत नसंल तर मिस्त्रींचा कान बरोबर आणि तुमची खूण चूक.

आणि हॅन्डल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवायचा, मूठ आवळून अंगठा पलीकडनं घ्यायचा न्हाई. उलटं आलं तर मनगट जातं. आमच्या वर्कशॉपात पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, पाना हातात द्यायच्या आधी.


घाटमाथा
८ जून, दुपारी १:१५

पुली डुप्लिकेट आहे. हिंदुस्थान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला, त्यानंतर ओरिजिनल पार्ट म्हणजे ज्याच्या माळ्यावर जे पडलंय ते. जुनी पुली गॅरेजवाल्यानं भंगारात दिली, त्यामुळे शेजारी ठेवून ताडता येत नाही.

काका, मिस्त्रींच्या टायमिंगवर सेल्फ अजिबात अडखळत नव्हता. हॅन्डल मारलं नव्हतं, आज परत तसं लावून मारतो.


बर्मिंगहॅमकर
८ जून, संध्याकाळी ६:०३

माझ्याकडे एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, १७९८ सीसी, पण इंजिनाचं घराणं तेच, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज. त्यांच्या लाँगब्रिजच्या कारखान्यापासून फार लांब राहत नाही, त्यामुळे या इंजिनावर मत द्यायचा थोडा हक्क समजतो.

पुलीचा संशय रास्त आहे. पण इंजिन पूर्ण उघडलं होतं म्हणून आणखी दोन जागा तपासा.

एक, डेल्कोचा ड्राइव्ह स्पिंडल. डेल्कोच्या खाली, ब्लॉकमध्ये, कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दात्यांत बसणारा तो छोटा शाफ्ट. त्याच्या माथ्यावरची खाच मध्यावर नसते, एक बाजू मोठी, एक छोटी. त्यामुळे डेल्को स्पिंडलवर उलटा बसूच शकत नाही. स्पिंडल मात्र ब्लॉकमध्ये एक-दोन दाते चुकून किंवा अर्धा फेरा उलटा खुशाल बसतो. बरोबर बसवायचा तर नंबर १ कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, खाच आडवीपेक्षा किंचित खाली, मोठी बाजू वर धरून आत सोडायचा. दाते जुळताना तो घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत जातो आणि खाच साधारण एक-दोन वाजण्याच्या जागी थांबते. काढायचा असेल तर त्याच्या डोक्यात ५/१६ यूएनएफचा लांब बोल्ट पिळून वर ओढा.

दोन, टायमिंग चेन. दोन्ही स्प्रॉकेटवरचे ठिपके समोरासमोर आले होते का? एक दाता चुकला तरी गाडी चालू होते, पण पिकअप जातो आणि लक्षणं तुमच्यासारखीच दिसतात.


टॅपेट
८ जून, संध्याकाळी ७:२०

स्पिंडल एक दाता चुकला म्हणून टायमिंग चुकत नाही, हे इथंच स्पष्ट करू, नाहीतर घाटमाथा उद्या तो उपसून बसतील. पॉइंट उघडतात त्या क्षणी रोटर (डेल्कोतला फिरता हात) कॅपच्या ज्या टर्मिनलकडे तोंड करून आहे, तिथं नंबर १ ची वायर लावायची आणि तिथून रोटरच्या दिशेनं १-३-४-२. या इंजिनात रोटर वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरतो. इंजिनाला खाचेशी काही देणंघेणं नाही. अडचण येते ती जागेची. डेल्को फिरवताना व्हॅक्यूमचा डबा ब्लॉकला किंवा पाइपला अडतो आणि हवं तिथपर्यंत पोचता येत नाही.


बर्मिंगहॅमकर
८ जून, संध्याकाळी ७:४५

मान्य. पण पुढचा मिस्त्री कॅप बघून नेहमीच्या जागी वायरी लावेल आणि गाडी कार्बुरेटरमधून शिंकायला लागेल. मी तरी बरोबरच बसवेन.


घाटमाथा
८ जून, रात्री ९:३०

मिस्त्रींच्या टायमिंगवर हॅन्डल मारलं. अर्ध्या फेऱ्यात उठली, उलटा हिसका बिलकूल नाही. म्हणजे १८ खोटं. डेल्को दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो, डबा कुठं अडत नाही, वायरी नेहमीच्या जागी आहेत. स्पिंडलला हात लावत नाही.

आता खरा टीडीसी शोधायचा कसा? प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन वर येताना बघितला. तो माथ्यावर आला की बराच वेळ हलतच नाही, नेमकी जागा कळत नाही.


टॅपेट
८ जून, रात्री १०:४८

बरोबर, स्क्रू-ड्रायव्हरनं नेमकं कळणारच नाही. माथ्यापाशी क्रँक पाच-सहा अंश फिरला तरी पिस्टन केसाएवढा हलतो. म्हणून माथ्यावर मोजायचंच नाही. माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, जिथं पिस्टन चांगला हलतो तिथं मोजायचं आणि मध्य काढायचा.

एक जुना प्लग घ्या, चिनी माती फोडून काढा, रिकाम्या कवचात बोल्ट घट्ट बसवा, टोक कानस मारून गोल करा. हा झाला पिस्टन-स्टॉप. बॅटरीची वायर काढा. हे सुरुवातीलाच, कारण कुणीतरी हौशी माणूस चावी फिरवतो आणि नव्या पिस्टनला भोक पडतं. चारही प्लग काढा म्हणजे क्रँक हातानं हलका फिरेल. नंबर १ कॉम्प्रेशनवर आणा: भोकावर अंगठा ठेवला की हवा ढकलते. रेडिएटरकडचा तो नंबर १. टॅपेट कव्हर काढलं असेल तर नंबर ४ चे दोन्ही व्हॉल्व डुलताना दिसतील, एक मिटतोय, एक उघडतोय. कॉम्प्रेशनवर सुरुवात करायचं कारण स्टॉप बसवताना नंबर १ चे व्हॉल्व बंद असतात, त्यांना तो लागायची भीती नाही.

आता पिस्टन थोडा खाली घेऊन स्टॉप बसवा. क्रँक सावकाश सुलट फिरवा, पिस्टन टेकला की थांबा, जोर नको. कव्हरवरच्या टीडीसीच्या काट्यासमोर पुलीवर खडूनं रेघ मारा. मग उलट फिरवा, जवळपास पूर्ण फेरा होईल, पुन्हा टेकेल. पुन्हा रेघ. दोन रेघांमधल्या छोट्या कमानीचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. शिंप्याच्या टेपनं पुलीचा घेर मोजून ३६० नं भागा, एका अंशाला किती मिलिमीटर ते मिळेल.


उद्यमनगरी
९ जून, सकाळी ८:१०

हेच. फक्त बोल्ट फार लांब ठेवू नका, या हेडात प्लग तिरका आहे, पिस्टनला कडेला लागतो. लवकर अडला तर दोन रेघा लांब पडतात, बिघडत काही न्हाई, मध्य तोच येतो.


पद्मिनीवाली
९ जून, सकाळी ८:३५

आणि मध्य सापडला की बर्मिंगहॅमकरांच्या चेनच्या शंकेचंही उत्तर तिथंच मिळेल. पुली खऱ्या टीडीसीवर ठेवा आणि नंबर ४ चे व्हॉल्व बघा. दोन्ही जवळपास सारखेच किंचित उघडे असतील तर चेन बरोबर बसली आहे. एक ठळक उघडा आणि दुसरा मिटलेला दिसला तर कव्हर उघडायची तयारी ठेवा. त्याआधी टॅपेट गॅप पुस्तकाप्रमाणे आहेत याची खात्री हवी, नाहीतर भलतंच दिसेल.


सायलेन्सरराव
९ जून, सकाळी ९:००

आमच्या वेळी गाडी ढकलायची आणि देवाचं नाव घ्यायचं. चालू द्या, वाचतोय.


घाटमाथा
१४ जून, दुपारी ४:२०

झालं. पुलीचा घेर ४०० मिमी भरला, म्हणजे अंशाला १.११ मिमी. दोन रेघांचा मध्य आणि पुलीवरची खाच यांत १३ मिमी अंतर. ११.७ अंशांची गफलत! दिशा अशी: पिस्टन खरोखर टीडीसीवर असताना खाच काट्याच्या अजून १३ मिमी अलीकडे असते. खाच काट्याला येईपर्यंत क्रँक ११.७ अंश पुढं निघून गेलेला असतो.

म्हणजे खुणेप्रमाणे ५ लावलं तेव्हा प्रत्यक्षात ठिणगी टीडीसीच्या ६.७ अंश नंतर पडत होती. मॅनिफोल्ड तांबडा होईल नाहीतर काय. आणि मिस्त्रींचे १८ म्हणजे खरे ६.३. त्यांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, ते अंश-बिंश तुम्ही बघा, गाडी पळते का?

नंबर ४ चे व्हॉल्व टीडीसीवर सारखेच डुलतात. चेन ठीक.


टॅपेट
१४ जून, संध्याकाळी ५:०५

कान आणि पुस्तक यांत सव्वा अंशाचा फरक. मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा.


पद्मिनीवाली
१४ जून, संध्याकाळी ५:३०

जुनी खाच कानस मारून किंवा रंगानं बुजवून टाका, आजच. नवी खूण कोरा आणि पांढरा रंग भरा. तिच्यापासून ५.५ मिमीवर ५ अंशांची आणि ११ मिमीवर १० अंशांची अशा दोन रेघाही मारून ठेवा. फक्त बाजू नीट बघा. इंजिन सुलट फिरताना ५ ची रेघ काट्यासमोर आधी यायला हवी, टीडीसीची नंतर.


घाटमाथा
१४ जून, संध्याकाळी ६:१२

ताई, करतो. आता टायमिंग पहिल्यापासून बसवायचं आहे. बल्ब की स्ट्रोब?


उद्यमनगरी
१४ जून, रात्री ८:४०

दोन्ही. आधी बल्ब.

सगळ्यात पहिलं पॉइंटचा गॅप, टायमिंग त्याच्यानंतर. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप पुढं जातं. कमी केला की मागं. टायमिंग लावून मग गॅप बघणारा माणूस दोनदा काम करतो. ल्युकसच्या या डेल्कोला १४ ते १६ थाऊ. तुमचा १५ आहे, उत्तम. पॉइंटचा टाचेचा तुकडा घासला की गॅप मिटत जातो आणि गाडी हळूहळू रिटार्ड होत जाती (ठिणगी उशिरा पडती), म्हणून नव्या पॉइंटवर थोड्या दिवसांनी परत फिलर (गॅप मोजायची पट्टी) घालून बघायचा. कॅमला ग्रीसचा नुसता वास दाखवायचा, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं.

मग पुली सुलट फिरवत ५ च्या रेघेवर आणायची. पुढं गेली तर तेवढंच मागं आणायचं न्हाई. पाव फेरा मागं जाऊन परत सुलट यायचं, म्हणजे चेनचा आणि दात्यांचा ढिलेपणा एका बाजूला राहतो. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, एक वायर डेल्कोच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की पेटतो. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून आधी रोटरच्या दिशेनं, घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत फिरवायचा. मग सावकाश घड्याळाच्या दिशेनं. बल्ब पेटला त्या जागेला क्लॅम्प आवळायचा. चावी जास्त वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापती.

डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो हे ध्यानात असू द्या. क्रँकचे ५ अंश म्हणजे डेल्कोचे अडीच. नखभर हलला तरी लई झालं.

टायमिंग लेट असलं म्हणजे चुलीतला विस्तव धुराड्यात गेल्यासारखं. भाकरी कच्ची आणि धुराडं लाल. तुमचं तेच झालं हुतं.


बर्मिंगहॅमकर
१४ जून, रात्री ११:१५

तुमच्या डेल्कोला व्हॅक्यूमच्या डब्याशेजारी खरखरीत चकती आहे का, ए (अ‍ॅडव्हान्स, पुढं) आणि आर (रिटार्ड, मागं) अशा अक्षरांची? असेल तर बारीक फेरबदलासाठी क्लॅम्प सोडायची गरज नाही. ११ टिचक्या म्हणजे क्रँकचा एक अंश. सुरुवातीला ती मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वाव राहतो.

व्हॅक्यूमचा डबाही तपासून घ्या. कॅप काढून नळीला तोंड लावून हवा ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि नळीवर जीभ दाबून धरली तर तिथंच थांबली पाहिजे. सुटली तर पडदा फाटलाय. शाफ्टही हातानं आडवा हलवून पाहा. बुश झिजलं असेल तर गॅप कॅमच्या दर उंचवट्याला वेगळा येतो आणि स्ट्रोबखाली खूण नाचते. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) मिळाला तर या डेल्कोला ६० अंश, ३ इकडे-तिकडे.


घाटमाथा
२१ जून, रात्री ९:५०

बल्बवर ५ ला लावली. चकती आहे, मधोमध ठेवली होती. आता नव्या खुणेवर स्ट्रोब धरला तर आयडलिंगला ५ आणि ६ च्या मध्ये, खूण स्थिर. व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला निघाला! ओढला की प्लेट हलते आणि लगेच परत येते. तो बदलायचाय, सध्या नळी बंद ठेवून चालवतोय. ३००० ला एकूण ३१ अंश येतात.

वाघबीळ तिसऱ्यावर चढली, चार माणसं बसवून. काटा मधल्या रेघेच्या खाली. वर जाऊन बॉनेट उघडलं, मॅनिफोल्ड काळाच्या काळा. पहाटे अर्ध्या सेल्फवर उठते.


टॅपेट
२१ जून, रात्री १०:२५

३१ मस्त. वजनं आणि स्प्रिंगा काम करताहेत.

आता रस्त्यावरची शेवटची चाचणी. टॉपला ताशी ३० वर सपाट रस्त्यावर चला आणि पाय पूर्ण दाबा. अगदी हलकी टिकटिक येऊन वेग वाढताच विरली तर योग्य. अजिबात येत नसेल तर चकती ए कडे पाच-सहा टिचक्या, पुन्हा पाहा. पण ताईंचा मुद्दा विसरू नका, आजच्या पेट्रोलवर टिकटिक येईपर्यंत पुढं ढकलत बसलात तर ताकदीचा माथा ओलांडून जाल. एकाच चढावर, एकाच गिअरला, एकाच खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. जिथं सर्वांत कमी लागतात तिथं थांबा, मग तो ५ असो वा ८.


बर्मिंगहॅमकर
२१ जून, रात्री ११:०२

माझ्या गाडीला पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३२ लागतो. तुम्ही जवळच आहात. व्हॅक्यूम बंद असल्यानं इंजिनाला धोका नाही, पेट्रोल मात्र थोडं जास्त पिईल.


पद्मिनीवाली
२२ जून, सकाळी ७:१५

छान झालं. ई-२० वर कायम चालवणार असाल तर कार्बुरेटरकडेही एकदा बघा. इथेनॉलमुळे मिश्रण विरळ पडतं आणि आत्ता टायमिंग नीट बसल्यावर ते जाणवायला लागेल. प्लग काढून रंग पाहा. पांढरट दिसले तर जेट एक नंबर मोठा. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा बदलून टाका, मूळचं रबर इथेनॉल सोसत नाही.

आणि इलेक्ट्रॉनिक किट लावा असं कुणी म्हणायच्या आत सांगते, शाफ्टचं बुश ठीक असेल तर घाई नको. पॉइंट रस्त्यात बिघडले तर कागदानं पुसून घरी येता येतं.


सायलेन्सरराव
२२ जून, सकाळी ८:०२

मी म्हणणारच होतो.


उद्यमनगरी
२२ जून, सकाळी ९:४५

रनिंग चालू आहे तोवर पाय हलका ठेवा. नवीन रिंगा आहेत. आणि हेडचे नट गार इंजिनावर एकदा परत आवळून टॅपेट बघून घ्या, नवीन गॅस्केट बसतं. टॅपेट बदलले म्हणून टायमिंग हलत न्हाई, घाबरू नका.


घाटमाथा
२२ जून, दुपारी २:३०

काका, रविवारी करतो. गॅरेजवाल्याला पुली दाखवली. त्याच्याकडे त्याच लॉटच्या आणखी दोन पडल्यात, दोन्हीची चावीखाच आणि खूण ताडून बघितली, दोन्ही तशाच चुकलेल्या. त्यानं त्यांच्यावर लाल रंगाचा फुल्ला मारून ठेवलाय. कोल्हापूर-सांगलीकडं कुणी नुकतीच अँबॅसेडरची पुली बदलली असेल तर इथं लिहा. माझा पिस्टन-स्टॉप तयार आहे, घेऊन जा, परत आणून द्या.


बॉनेटखाली
२३ जून, रात्री ८:१८

मिरजेचा आहे, पुली मार्चमध्ये बदलली, चढावर तापते. शनिवारी येऊ का?


घाटमाथा
२३ जून, रात्री ८:४०

या. येताना शिंप्याची टेप आणा, आमची आईनं परत काढून घेतली.